लाइन कापायला नको होती

यात जे मी स्वतः पाहिलं, तेवढंच 'पाहिलं' म्हणून लिहिलं आहे. जे दुसऱ्याने सांगितलं, तिथे त्याचं नाव आहे. अंदाज एकही नाही. अंदाज करायला सगळा गाव बसला आहे.

गेल्या वर्षीची दिवाळी नुकतीच झाली होती. धानाची कापणी सुरू होती. बालाघाट जिल्ह्यात, लामत्याच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठचं एक गाव. गावाचं नाव देत नाही. त्या घरात अजून दोन बायका राहतात.

एक माझी काकू, जिजाबाई. दुसरी तिची सून, संघमित्रावहिनी.

काकूचा मुलगा, माझा चुलतभाऊ अश्विनदादा, त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी गेला.

पोलिसांच्या कागदावर लिहिलं आहे, पाण्यात बुडून मृत्यू.

गाव म्हणतो, पिऊन पडला.

दादा दारूला शिवत नव्हता. त्याच्या उजव्या तळहातावर काळा चट्टा होता. मी पाहिला. त्याचा मासे धरायचा रॉड काठावर पडला होता आणि त्याच्या दोरीचं, म्हणजे लाइनचं, टोक मेणबत्तीवर धरल्यासारखं जळालं होतं. तेही मी पाहिलं.

ठाण्यात जाऊन सांगितलं. साहेबांनी चहा मागवला.

"पत्रकार महोदय, नदी में आदमी डूबता है. इसमें खबर क्या है?"

नदीच्या डोहात कोणीतरी वरच्या विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडला होता. आमच्या भागात असे मासे मारतात. थोड्या वेळात पोतंभर मासे उलटे होऊन वर येतात, पिल्लांसकट. कष्ट नाही, कसब नाही. दादा या लोकांशी भर चौकात भांडायचा. म्हणून त्याला दोस्त कमी होते.

पण रॉड घ्यायचा असला की लोक त्याच्याचकडे यायचे. लामत्याला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे काउंटरवर मोबाईल कमी आणि रॉडवर लाइन गुंडाळायच्या रील जास्त.

"रंग पाहून नको घेऊ," तो म्हणायचा. "वाकवून पाह. शेंडा नरम पायजे, बूड कडक. जो वाकतच नाही तो तुटते."

तो मरळ माशाच्या मागे असायचा. मरळ गवतात दडून बसते, म्हणून त्याची लाइन विणलेली होती, पिवळसर हिरवी, गवत कापत जाणारी. गळाला रबराचा बेडूक. बेडूक गवतावरून ओढायचा, थांबायचं, पुन्हा ओढायचा. मरळ उसळून घ्यायची.

खरी गंमत त्यानंतर, असं तो म्हणे. रीलवर एक चाक असतं, त्याला ड्रॅग म्हणतात. ते सैल ठेवलं की मासा पळताना लाइन आवाज करत सुटत जाते, पण तुटत नाही; घट्ट केलं की लाइन सुटतच नाही.

"त्याले पळू दे. थांबला की गुंडाळ. झटका देऊ नको. दमला की तो सोताच येते."

मी झटका द्यायचो. माझे मासे सुटायचे. तो हसायचा.

दिवाळीनंतरचा बुधवार होता. संध्याकाळी मी काकूकडे गेलो. ऊन अजून अंगणात होतं. वहिनी चहा गाळत होती.

आणि मधल्या खोलीतून आवाज आला...

किर्रर्रर्र.

वहिनीने हात थांबवला नाही.

"रोज होते, भाऊजी."

"काय होते?"

"तुमी पाहा. मी सांगितलं तर म्हणाल, वहिनीचं डोकं फिरलं."

आमच्या घरात भुताखेताला जागा नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. लिंबूमिरची आमच्या दारावर कधी लागली नाही. मी उंदीर असेल असं समजून खोलीत गेलो.

रॉड खिडकीशी उभा होता. शेंडा खिडकीबाहेर वाकलेला.

वाकलेला... आणि थरथरत होता.

रील फिरत होती. लाइन बाहेर जात होती, ताठ, उन्हात चमकत. त्या रीलवर दीडशे मीटर लाइन बसते, मी दादाबरोबर स्वतः भरली होती. मी उभा होतो तेवढ्या वेळात त्याहून कितीतरी जास्त लाइन बाहेर गेली असेल.

मी रीलकडे वाकून पाहिलं.

रील भरलेलीच होती.

काकू दारात आली. तिच्या आवाजात भीती नव्हती. राग होता.

"जा, कुठी जाते पाहून ये. आमी बायका बांधाबांधानं हिंडलो तर गाव उद्या अजून एक गोष्ट लावन."

मी बाहेरून खिडकीशी गेलो, लाइनखाली बोट धरलं आणि चालू लागलो. बोटाला तिचा थरकाप लागत होता. कापलेल्या धानाच्या खुंटांवरून, बांध ओलांडून, नहराच्या पलीकडे. वाटेत शेजारचा चैतराम पेंढ्या बांधत होता.

"काय विवेकभाऊ, हवेले बोट लावून कुठी चालले? पेपरवाल्यायले आता वाराही मोजा लागते काय?"

"ही लाइन दिसत नाही तुला?"

"कोनती लाइन?"

ती त्याच्या नाकासमोरून गेली होती.

लाइन पलीकडच्या गावात शिरली आणि एका ओसरीवर चढली. भैयालालच्या ओसरीवर. भैयालाल पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. दादाच्या तिरडीला त्याने खांदा दिला होता. नंतर आमच्या अंगणात बसून दोन वेळा चहा प्याला होता.

तो खाटेवर बसला होता. ओठाच्या कोपऱ्याला गमछा दाबून धरलेला.

"या, पत्रकारसाहेब."

"ओठाला काय झालं?"

"फोड आला. मलम लावून राह्यलो, जात नाही. कोणी ओढल्यावानी दुखते."

लाइन त्याच्या गमछापर्यंत आली होती. त्यापुढे मला दिसली नाही.

त्याच्या मागे भिंतीला एक लांब बांबू टेकवला होता. बांबूच्या टोकाला लोखंडी आकडा. काळ्या वायरचं वेटोळं.

"डोहात तार तूच टाकली?"

तो हसला. अर्ध्याच तोंडाने.

"सबूत असन तर छापा ना."

ती लाइन मुठीत धरून एक झटका द्यावा, असं मला इतकं वाटलं की हात वर गेला. गमछा, ओठ, जबडा, सगळं ओसरीवर आलं असतं. पण झटका दिला की सुटतं, हे मला ठाऊक होतं.

मी हात खाली घेतला. परत आलो आणि सकाळीच नोकरीच्या गावी गेलो.

पुढचं वहिनीने सांगितलं आणि काही चैतरामने.

दुसऱ्या संध्याकाळी रीलचा आवाज आला नाही. आली ती खटखट. हँडल आपोआप फिरत होतं, सावकाश. लाइन आत येत होती.

त्याच वेळी चैतरामने भैयालालला नहराच्या पुलावर पाहिलं. आमच्या गावाकडे तोंड करून उभा. कुठे चाललास विचारलं, तर म्हणाला, काम आहे. कोणतं काम, ते त्याला सांगता येईना. मग तो एकाएकी वळला आणि धावत सुटला.

आणि इकडे वहिनीने ऐकलं... किर्रर्रर्र.

नंतरच्या एका संध्याकाळी तो हातपंपापर्यंत आला. पुन्हा पळाला. पुढच्या वेळी तिथूनही पुढे. दरवेळी पळणं थोडं कमी.

"त्याले आता दम लागून राह्यला," वहिनी फोनवर म्हणाली. ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की मी सुट्टी टाकली आणि गावी गेलो.

त्या संध्याकाळी काकू अंगणात सूप घेऊन बसली होती. मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून फोन ओट्यावर ठेवला. आत हँडल फिरू लागलं.

खट... खट... खट...

भैयालाल फाटकात दिसला.

तो चालत नव्हता. हनुवटी पुढे होती, मान ताणलेली, आणि टाचा मातीत रुतवून तो मागे राहायला पाहत होता. त्याच्या टाचांचे चर फाटकापासून अंगणाच्या मध्यापर्यंत उमटले. ते मी नंतर बोटाने तपासले. त्याच्या मागे चैतराम आणि त्याची बायको तमाशा पाहायला आली होती.

तो काकूसमोर थांबला. तोंड उघडत होता, मिटत होता. ओठातून रक्त.

"बोल," काकू म्हणाली.

"तार मी टाकली." शब्द एकेक करून बाहेर येत होते. "अश्विनभाऊ तिथं गरी टाकून राह्यलते. तार पाहून वरडले, बंद कर म्हणे. मी नाही केली. मंग ते सोताच तार काढाले पान्यात उतरले."

"मंग तरी बंद काहून नाही केली?"

"मासे वर येऊन राह्यलते, काकू. मले वाटलं... अजून दोन मिनिटं."

काकूने सूप खाली ठेवलं.

"पेलेला होता काय माहा पोरगा?"

"नाही."

"जोरानं सांग. त्या चैतरामले ऐकू गेलं पायजे."

"नाही काकू. पेलेले नव्हते."

आतली खटखट थांबली. रॉडचा शेंडा अजून वाकलेलाच होता, खिडकीतून दिसत होता. वहिनी आत गेली आणि दादाची लहान कात्री घेऊन बाहेर आली. दादा मोठी मरळ धरायचा, एकदा नीट पाहायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. गाव त्यावरही हसायचा.

"वहिनी, थांब," मी म्हणालो.

"त्यानं कबूल केलं, भाऊजी. हे असते तर यायनं सोडलंच असतं."

तिने कापली.

भैयालाल मागे पडला. उठला आणि पळाला. शेंडा सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. भैयालालला बोलावलं. तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून. ओठावर खपली होती, बाकी तोंड ताजंतवानं.

"साहब, मैं तो उस गाँव में महीने भर से गया ही नहीं."

चैतरामला विचारलं. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी शेतात होतो." त्याची बायको म्हणाली, तीही शेतात होती.

मग मी रेकॉर्डिंग लावलं.

काकूचा आवाज स्पष्ट आहे. 'बोल.' 'मंग तरी बंद काहून नाही केली?' 'पेलेला होता काय माहा पोरगा?' सगळे प्रश्न आहेत.

उत्तरांच्या जागी...

पाण्याचा आवाज आहे. बुडबुडे. कोणीतरी पाण्याखाली तोंड उघडतंय, असा.

साहेबांनी रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं आणि फोन मला परत दिला. "बुढ़िया को आराम करने दो," ते म्हणाले.

बाहेर चहाच्या टपरीवर भैयालाल उभा होता. कोणाला तरी सांगत होता की अश्विनभाऊ माणूस चांगला, पण बाटलीने घात केला. मी बाजूने जात होतो तरी त्याने वाक्य पूर्ण केलं. मुद्दाम.

मी ते घरी सांगितलं. काकू सूप उचलून आत गेली. वहिनी रॉडसमोर जाऊन बसली.

"लाइन कापायले नको होती, भाऊजी," ती म्हणाली. "सोडायची ते मासोळी. हा मासोळी नाही."

तिने रीलला तेल दिलं. फडक्याने रॉड पुसला. ड्रॅगचं चाक तिने कधी हाती धरलं नव्हतं. ते कोणत्या बाजूला फिरवलं की घट्ट होतं, हे तिने मला विचारलं.

मी सांगितलं.

हे होऊन हिवाळा गेला, उन्हाळा गेला. रॉड खिडकीशीच उभा होता. आवाज आला नाही. गावात लोक दादाची तीच दारूची गोष्ट सांगत राहिले, आता नव्या मुलांना. मीही समजलो, संपलं.

मागच्या आठवड्यात मी लामत्याच्या बाजारात होतो. दिवस कलला होता. भैयालाल एका दुकानापुढे मोटारीच्या वायरचा भाव करत होता, मोठ्या आवाजात, हसत.

बोलता बोलता तो थांबला.

त्याची हनुवटी वळली... आमच्या गावाच्या दिशेने.

वायरचं वेटोळं हातातून पडलं. दुकानदार म्हणाला, "क्या हुआ, भैया?" भैयालालच्या ओठावरची खपलीची जागा पुन्हा ओली झाली होती. मान ताणलेली होती, पण डोळे फिरून फिरून माझ्यावर येत होते. त्याला कळलं होतं की मला कळलं आहे.

वहिनीचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. कात्री अजून त्याच खोलीत असेल. एक फोन, एवढंच काम होतं. तो डोळ्यांनी तेच मागत होता.

मी फोन खिशात ठेवला.

गल्ली अरुंद होती आणि मी त्याच्या वाटेत उभा होतो.

मी बाजूला झालो.