नंबर चुकला नव्हता

तो पहिल्यांदा आला, तो चष्म्याचा पडलेला स्क्रू बसवून घ्यायला. समोरच्या छापखान्यात तो इंग्रजी पुस्तकांची प्रुफं तपासायचा.

स्क्रू पिळता पिळता तिने सहज विचारलं, "नंबर कधी तपासला होता?"

"शाळेत असताना," तो म्हणाला. मग तिने त्याला आत नेऊन खुर्चीत बसवलं.

चष्म्याचं ते दुकान आत्याचं, पण तपासणीची ती खोली तिने शिकून आणि हट्ट करून मिळवली होती. भिंतीवरचा तक्ताही तिचाच. त्यावरचे सगळे इंग्रजी शब्द सारख्या सुरुवातीचे : प्रिव्ह्यू, प्रिकॉशन, प्रिपेड, प्रिपरेशन... लोक सुरुवात बघून बाकीचं ठोकून देतात. इथे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सुटका नव्हती.

नवा चष्मा तयार झाला. आठवड्याभरात स्वारी पुन्हा हजर!

"बसची पाटी धूसर दिसते."

तिने काचा बदलून दिल्या. तो पुन्हा आला. छापखान्यातल्या गमती सांगून तिला हसवायचा, जाताना दारातून वळून बघायचा... तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला! आत्याचा पारा मात्र चढला.

"हा चष्मा आणखी एकदा परत आला, तर तू बाहेर फ्रेमा विकायच्या. तपासायला मी दुसरं कुणी बघते."

आणि तो आलाच. तिने तक्त्यावर पट्टी टेकवली. "वाचा."

"प्रि... प्रिपरेशन?"

पट्टी 'प्रिपेड'वर होती.

"पुढचा?"

"प्रिव्ह्यू."

पट्टी 'प्रिकॉशन'वर होती. तिने ती खाली घेतली. धूसर दिसणारा माणूस आखूड शब्दाला दुसरा आखूडच शब्द म्हणतो. हा पठ्ठ्या बोटभर शब्दाला वीतभर आणि वीतभर शब्दाला बोटभर म्हणत होता.

"तुम्हाला स्वच्छ दिसतंय."

त्याचे कान लाल झाले. "पहिल्या दिवसापासून. यायला कारण हवं होतं... तुम्ही आवडता मला."

तिचं काळीज धडधडलं, आणि डोळेही भरून आले. "तुमचा खेळ होतो, इथे माझा जीव जातो! आत्या मला या खोलीतून काढतेय... तुमच्या चष्म्यापायी."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. उठून तो तडक गल्ल्यापाशी गेला आणि बसलेल्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "काकू, चष्मा पहिल्यापासून बरोबर होता. मी खोटं बोललो. तुमच्या भाचीला बघायला येत होतो."

आत्याने उघड्या दारातून आतला तक्ता दाखवला. "इथूनच वाच."

त्याने सगळा तक्ता घडाघडा वाचला.

"नजर चांगली आहे," आत्या म्हणाली. "अक्कल कमी पडते, पण त्याचा चष्मा आम्ही ठेवत नाही." मग भाचीकडे वळून म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस? पुढचं गिऱ्हाईक आत घे."

तिने बाकावरच्या आजोबांना हात धरून आत नेलं. दार लावताना ती थांबली.

"सहाला दुकान बंद होतं. बाहेर थांब."

ते 'थांब' ऐकून तो उजळला. "चष्मा लावून?"

"लावूनच. मी येताना लांबून दिसायला हवी ना तुला!"