पारव्याचा डावा पाय

मैदानाच्या कठड्याला टेकून केतकी घोड्यावरच्या लेकीकडे, चार्वीकडे नाही, पारव्याच्या, म्हणजे त्या घोड्याच्या, पायांकडे बघत होती. नऊ वर्षं तिने दुसरं केलं काय होतं? चार्वीचा डावा पाय थकण्याआधी आत वळायचा, मग बोट घासायचं. तिची प्रत्येक चप्पल तिथेच झिजे.

आज पारव्याच्या मागच्या डाव्या खुराने वाळूत तशीच रेघ ओढली.

दिव्यांग स्वारांच्या या स्पर्धेत घोड्याला तालात, ठरलेल्या आकृत्यांतून चालवायचं असतं. पाय आवळून इशारा देणं चार्वीला जमत नसे. ते काम आता नससेतू करी. तिच्या मानेवर एक पट्टी, खोगिराखाली दुसरी. तिने मनात वळण घेतलं की पारवा वळे. सेतूवरून उलटही काही येई: घोड्याची लय. वर्षभरात चार्वीचा ताठलेला पाय सैल झाला होता. ती रात्री झोपू लागली होती. केतकीही.

"डॉक्टर, पारवा पाय ओढतोय."

सेतू बनवणारे डॉ. टिपणीस हसले. "आई लोकांना सगळीकडे दुखणंच दिसतं! पशुवैद्याने तपासलाय, पाय ठणठणीत आहे."

"चार्वीचाही पाय ठणठणीतच होता. बिघाड मेंदूत होता."

टिपणीसांचं हसू मावळलं. "मेंदू शरीराचा नकाशा सतत नव्याने काढत असतो," ते सावकाश म्हणाले. "तिने पारव्याचा उचलला. त्यानेही... तिचा उचलला असेल."

"पट्टी काढली तर?"

"तो सुधारेल. ती पहिल्यासारखी होईल."

पहिल्यासारखी. पेटके, किंकाळ्या, पायाला बांधलेल्या पट्ट्या.

मैदानाच्या मधोमध थांबून चार्वीने परीक्षकांपुढे मान झुकवली आणि घोडा कठड्याशी आणला. "आई, हा लंगडतोय का गं? मला वरून काहीच कळत नाही."

"नाही गं. वाळू जड झालीय आज."

चार्वीला उतरवून खुर्चीत बसवल्यावर केतकी तबेल्यात गेली. पारव्याच्या पायाशी बसून पोटरी चोळू लागली, वरून खाली, अंगठ्याने दाबत. हातांना सवय होती. पारव्याने लांब सुस्कारा सोडला. अगदी चार्वी सोडायची तसा.

टिपणीस दारात उभे होते. "मग काय करायचं? काढू पट्टी?"

केतकीने मान वर केली नाही.

"पुढचा घोडा जरा तरणा बघा," ती म्हणाली.