शारदेचा घास

लाइट गेलीच आहे, तर ते मोबाइलही खाली ठेवा जरा. तुमच्यातल्या दोघांचे पासपोर्ट तयार आहेत म्हणून मुद्दाम सांगतो. गोष्ट काही आजोबा-पणजोबांच्या काळातली नाही. आपल्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या श्यामकांतची आहे, ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. तारीख सतरा डिसेंबर दोन हजार तेवीस, रविवार. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या.

त्या रात्री श्यामकांत गाडी घेऊन विमानतळावर निघाला होता. एकुलती एक पोरगी, गंधाली, जर्मनीत शिकायला होती, ती दीड वर्षानं घरी येत होती. दोन दिवसांपूर्वी तिनं आईच्या मोबाइलवर निरोप टाकला होता : 'आई, मी येते. बाबांना घ्यायला पाठव.' तो वाचला श्यामकांतनं, आणि 'हो बेटा' हे उत्तरही त्यानंच टाकलं. कारण गंधालीची आई, शारदा, नऊ मेलाच गेली होती. पोरीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

सात महिने! परीक्षा आहे, वर्ष वाया जाईल, परक्या देशात एकटी आहे, अशी एकेक कारणं. आईच्या घशाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली, असं कळवून हा गृहस्थ बायकोच्या नावानं रोज रात्री निरोप पाठवायचा, 'जेवली का?' नातेवाइकांना शपथा घातल्या होत्या. आम्ही सगळे शहाण्यासारखे गप्प बसलो. आजही आठवलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्यात माझा स्वतःवरचा रागही आहे.

शारदा दवाखान्यात शेवटपर्यंत एकच म्हणत होती, "गंधालीले बलाव." मी तिथेच होतो. यानं नुसती मान हलवली. दहाव्याला महादेव घाटावर पिंड ठेवले. खारुन नदीच्या काठावर कावळे ढिगानं, पण एक शिवेल तर शपथ. बारा वाजले, एक वाजला, डोक्यावर मे महिन्याचं ऊन. गुरुजी म्हणाले, "त्यांची काही इच्छा राहिली असेल तर बोलून टाका." श्यामकांतनं खाली पाहिलं. मीही खाली पाहिलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. बांधायला दोरा सापडेना, म्हणून मी माझ्या रुमालाची निळी कड फाडून दिली. तो गवताचा कावळा पिंडाला शिववला, नदीत सोडला, आणि सुटलो एकदाचे म्हणत घरी आलो.

तर आता हा विमानतळावर उभा. घरातला हार घातलेला फोटो कपाटात लपवून आलेला. पोरीला घरी न्यायचं, पाणी द्यायचं, मग सांगायचं, असं वाटेत घोकून ठेवलं होतं. दिल्लीचं विमान दहा दहाला उतरलं. गंधाली बाहेर आली. वाळली होती. यानं गाडीचं पुढचं दार उघडलं, तर ती मागे जाऊन बसली.

"पुढं बस ना वं."

"पुढची जागा आईची आहे."

श्यामकांत हसला. हसला तो! "आई तं घरी आहे, बेटा. वाट पाहून राहिली."

"झूठ मत बोलो, बाबा."

गाडी निघाली. आपल्या नव्या राजधानीचे ते रुंद रस्ते, दिवे लखलखीत आणि माणूस एक नाही.

"घाटावर गुरुजींनी विचारलं," गंधाली म्हणाली, "तेव्हा काहून गप्प बसले तुम्ही?"



"कोणी... कोणी सांगितलं तुले?"

"आईनं."

मग ती बोलत सुटली. "नऊ मेच्या रात्री होस्टेलच्या किचनमध्ये भात लावला होता मी. एकटीच होती. वळून पाहिलं तं आई उभी. पातेल्याकडे पाहून राहिली होती. तेव्हापासून रोज यायची. मी वाढायची, ती हात लावायची नाही. म्हणायची, तुह्या बाबानं खरं बोलल्याशिवाय नाही. मी तुमच्या फोनची वाट पाहिली. हर रात! आणि तुम्ही काय लिहायचे? जेवली का! ती समोर उपाशी बसली राहायची, आणि तिच्याच नावानं तुम्ही मले विचारायचे, जेवली का!"

श्यामकांत समोरचा रस्ता पाहत गाडी चालवत राहिला.

"पास झाली मी. सगळ्या विषयांत. खूश व्हा."

घरी आल्यावर तिनं चपलाही काढल्या नाहीत. भात लावला. पत्रावळीवर वाढला. बापाला दंडाला धरून गच्चीवर नेलं. पावणेबारा वाजले होते.

"रात्री कावळा येते का कुठं..."

"बोला."

"शारदे... पोरीची परीक्षा होती, म्हणून..."

काहीच नाही. भातातून वाफ निघत होती.

"तिले तरास होईल म्हणून..."

"खरं बोला!" गंधाली ओरडली. गल्लीतलं भुंकणारं कुत्रं गप्प झालं.

श्यामकांत खाली बसला. "साऱ्या पाऱ्यात सांगत फिरायचो मी... माही पोट्टी जर्मनीत आहे म्हणून. ती आली असती तं परत गेली नसती... माह्या नाकासाठी, शारदे. तू मागत होती. मी नाही बलावलं."



गच्चीवरचा दिवा गेला.

पंख वाजले. एकदाच. अगदी कानाशी...

दिवा आला. पत्रावळ रिकामी. एक शीत नाही.

मधोमध काहीतरी पडलं होतं. लहानसं. ओलं...

गंधाली आठ दिवसांनी परत गेली. बापाशी एक शब्द बोलली नाही, आणि मी म्हणतो, बरोबर केलं. पत्रावळीवरची ती वस्तू श्यामकांतनं दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळं सांगून मला दाखवली. दर्भाचा कावळा. पोटाला बांधलेली माझ्या रुमालाची निळी कड. त्याच्या कपाटात, फोटोपाशी ठेवलाय तो. मागच्या आठवड्यात मी हात लावून पाहिला.

अजून ओला आहे.