बगळ्याच्या मानेवरची पट्टी

समोरच्या दुकानात रंगीत काचांची नवी खिडकी लागली आणि इकडे तसल्याच खिडक्यांच्या कारखान्यात बोंब झाली. तोच बगळा, तेच लव्हाळे, रंगसुद्धा तेच. इकडचा बगळा अजून कागदावरच होता. तो कागद कपाटात, कपाटाला कुलूप.

मालकांनी काचा कापणाऱ्या पोरीला चोर म्हणून घरी पाठवलं. दुपारी ती मामाला घेऊन परत आली. मामा निवृत्त फौजदार.

"कुलूप शाबूत आहे," मालक म्हणाले. "म्हणजे नक्कल डोक्यातून झाली. तसं डोकं इथं एकच. भाची तुमची स्वमग्न आहे ना? अशांच्या डोक्यात फोटोच निघतो."

"कोण म्हणतं?" मामाने विचारलं.

"सगळेच."

"सगळ्यांना कुणी सांगितलं?"

मालकांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा व्यवस्थापक. कपाटाच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडे.

"अहो, फुटकी काच हिने नमुना न बघता जुळवली!" मेहुणा म्हणाला. "गेल्या महिन्यात मी या चित्राची घडी उलगडली, तेव्हा ही शेजारून गेली. तेवढं बास झालं हिला."

"तुकडे मी बोटांनी जुळवले," भाची म्हणाली. "कडेला कड लावून. माझ्या डोक्यात चित्र येत नाही. डोळे मिटले की काळोख."

"असं कसं? स्वमग्न ना तू?"

"माझी मैत्रीणही स्वमग्न आहे. तिला डोळे मिटून अख्खा रस्ता दिसतो. मला आईचा चेहराही दिसत नाही. हनुवटीवर तीळ होता, एवढं माहीत आहे. दिसत नाही."

मामाने मान डोलावली. तिची आई म्हणजे त्याची गेलेली बहीण.

"बोलायला काय जातं!" मेहुणा पुटपुटला.

"बरं, डोकं राहू द्या," मामा म्हणाला. "कागद काढा."

मालकांनी कपाटातून लांबलचक गुंडाळी काढून टेबलावर पसरली. मामाने कागदावरून सावकाश बोट फिरवलं. मग उठला, समोरची खिडकी बघून आला.

"मालक, तुमच्या बगळ्याच्या मानेत काचा सांधणारी शिशाची आडवी पट्टी आहे?"

"छे! मान अखंड आहे. तीच तर कमाल."

"त्यांच्या बगळ्याला आहे. सरळ, लव्हाळ्यांतूनही आरपार."

"मग आठवताना चुकली असेल," मेहुणा म्हणाला.

"आठवणारा मान आखूड करेल, वाकडी करेल. पट्टीने आखल्यासारखी रेघ कुठून आणेल? इथं बोट लावा, मालक. कागद दुमडलाय. दुमडीवर मळ बसला, आणि तिकडच्या कारागिराने ती चित्रातलीच रेघ समजून गिरवली. तुम्ही कागद दुमडलात?"

"वेड लागलंय का मला? तो गुंडाळूनच ठेवतात."

"एवढी गुंडाळी फाटकातून लपून जात नाही. घडी सदऱ्यात जाते. कुलूप न फोडता कागद गेला आणि आला, म्हणजे किल्लीने. किल्ल्या दोन. आणि घडी उलगडल्याचं मघाशी कोण बोललं?"

मेहुण्याचा चेहरा पडला. "दाजी, ऐका तरी..."

"तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवू?" मालक म्हणाले. मग भाचीकडे वळले. "उद्यापासून ये, पोरी. आम्हाला वाटलं, तुमच्यासारखी माणसं..."

"माझ्यासारखी मी एकटीच आहे. चोर सगळ्यांसमोर म्हणालात. मी चोर नाही, हेही सगळ्यांसमोर सांगा. आणि माझ्या डोक्यात काय आहे ते मला विचारायचं. दुसऱ्या कुणाला नाही."

मालक हाका मारायला उठले.

"रखवालदारालाही," ती म्हणाली आणि सगळे गोळा होईपर्यंत जागची हलली नाही.