सोनखताची साक्ष

कातळगडाच्या पूर्व बुरुजावर उजाडत होते आणि खालच्या माळावर शत्रूच्या राहुट्या धुक्यातून एकेक करून वर येत होत्या, तेव्हा डोक्यावर रिकामी पाटी आणि पाठीशी तान्ही लेक बांधलेली चांगुणा दिंडीदरवाजातून आत शिरली. पहारेकऱ्याने नेहमीसारखा नाकाला शेला लावून तोंड फिरवले. गडाचा मैला वाहून राखेत मुरवायचा आणि वर्षाने त्याचे सोनखत पायथ्याच्या उसाला घालायचे, हे तिचे काम. वेढा पडल्यापासून गनिमानेही आपल्या छावणीचे तेच काम तिच्यावर टाकले होते, आणि जिच्याकडे बघायचेच नाही, तिला अडवायचे तरी कुणी?

सदरेवर किल्लेदार हैबतराव किल्ल्यांचा जुडगा तबकात ठेवत होते. दोन प्रहरी गड खाली करायचा ठरले होते.

"सरकार, किल्ल्या देऊ नका!" ती पायरीखालूनच ओरडली. "खाली पाच हजार न्हाईत. हजारसुद्धा नसतील."

कारखानीस हसले. "वा! आता गनिमाची मोजदाद ही करणार! एवढ्या राहुट्या आम्हांस दिसत नाहीत काय गे?"

"राहुट्या हायेत जी, आत माणसं न्हाईत. शौचाचे पन्नास चर खणलेत, त्यातले चाळीस कोरडे. जी माणसं हायेत, त्यातल्या निम्म्यांना हगवण. रोज मीच उपसते की!"



"तुझ्या शब्दावर दोनशे शिपायांचे प्राण टाकावे," हैबतराव म्हणाले, "तर जामीन काय?"

चांगुणाने पाठीची गाठ सोडली. "ही. गड पडला की पोरींचं काय होतं, ते म्या पाहिलंय."

"पोर येथेच राहील. तू पुढे होऊन वाट दाखव."

लेकीला सदरेसमोर, बुरुजाच्या सावलीत दगडावर निजवून ती निघाली. कोरड्या चरांतून वाकून वाकून शिबंदी तिच्यामागे गेली, आणि रिकाम्या राहुट्या ओलांडून आजारी छावणीवर अशी तुटून पडली की उन्हे डोक्यावर येण्याआधीच वेढा उधळला.

नगारे झडत असताना चांगुणा धापा टाकीत गड चढून आली. सावली कधीच सरकली होती. पोर उन्हात पडली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. भोवती माणसेच माणसे, पण कुणी तिला शिवले नव्हते. कुणा दयाळूने भाल्याच्या टोकाने पाण्याची वाटी तेवढी जवळ सरकवली होती. तीन महिन्यांच्या पोरीला!

"शाबास!" हैबतरावांनी सदरेच्या पायरीवरूनच चांदीचे कडे टाकले. "माग, काय हवे ते."

लेकीला पदराखाली घेत ती म्हणाली, "जरा उचलून घ्यायचं होतं, सरकार."

किल्लेदारांची मान खाली गेली. पायरी मात्र कुणी उतरले नाही.