आधी पहारा थांबव

त्यांची पहिली भेट म्हणजे निव्वळ भांडण होतं. ऑफिसची सगळी माहिती ज्यात असते तो डेटाबेस ती दुरुस्तीसाठी बंद करायची, आणि तो आपोआप पुन्हा सुरू व्हायचा! नवीन मुलीची कुणीतरी खोडी काढतंय, असं वाटून ती तणतणत सर्व्हर रूममध्ये शिरली.

"कोण सारखं सुरू करतंय?"

त्या थंडगार खोलीत मफलर गुंडाळून बसलेला सर्व्हरवाला हसला. "मी नाही, माझा पहारा. डेटाबेस पडला, की हे दोन जुळे सर्व्हर त्याला उठवतात आणि मला मेसेज टाकतात. बंद करायचाय? मग आधी पहारा थांबवायचा... मॅडम."

ती लाजून लाल झाली. थंडीने कुडकुडतही होती. त्याने मफलर काढून तिच्या हातात दिला — आणि तिचा निकाल तिथेच लागला!

मग रोजचंच झालं. एकाच खुर्चीवरून भांडायचं, एकाच डब्यातलं खायचं. मनातलं मात्र दोघांच्याही ओठांवर आलं नाही. त्याला दूरच्या शहरात नोकरी लागली. निघताना म्हणाला, "काही अडलं तर हाक मार हं..." पण अडायला तर हवं! मेल्याने पहाराच असा चोख लावला होता, की कधी काही अडेचना.

वर्षं सरली. आज ते जुळे सर्व्हर निवृत्त होणार होते. सगळी माहिती नव्यांवर गेली होती. आज हे बंद झाले, की त्याला हाक मारायचं निमित्तच उरणार नव्हतं. पहाऱ्याचा मेसेज ज्यावर जायचा, तो त्याचा नंबर तिने कधी कुणाला बदलू दिला नव्हता. पण त्यानेच बदलला असेल तर?

तिने श्वास रोखून डेटाबेस बंद केला. तो उठला. पुन्हा बंद केला... पुन्हा उठला.

फोन वाजला.

"अगं वेडाबाई, आधी पहारा थांबव ना! इतक्या वर्षांनी तीच चूक? विसरलीस?"

तोच आवाज, तेच हसू. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"विसरले नाही. मुद्दामच नाही थांबवला."

तो हळूच म्हणाला, "सगळे म्हणत होते, नवा नंबर घे. मी नाही घेतला... तुझा मेसेज चुकला असता." आणि घसा खाकरून, "माझा मफलर आहे ना गं तुझ्याकडे? न्यायला येऊ?"

"मफलर नाही मिळायचा," ती म्हणाली. "तू ये."