कॅमेऱ्याची मान

एसटी जानेफळला पोचेपर्यंत शंकररावांचा उजवा गुडघा आखडून गेला होता. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून ते बुलढाण्याच्या मंजुश्री तायड्यांबरोबर खासगी तपासाच्या कामाला लागले. आताशा घरी बसावंसं वाटे, पण बाईंना नाही म्हणवत नसे.

मंजुश्रीबाईंच्या डोळ्यांखालीही काळं आलं होतं. एकेकाळी त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. बोलणं कमी आणि नेमकं.

"मॅडम, एवढ्याशा चोरीसाठी इतक्या लांब?"

"चोरीसाठी नाही. संध्याकाळी पोलिसांत तक्रार जाणार आहे. एका मुलीचं नाव त्यात लागेल. मग ते निघत नाही."

फोन खुद्द घरधनिणीने, मनकर्णाबाईंनी केला होता. "माह्या घरी काम करनारी पोरगी, आसमा, चोर नाही. पण माहा लेक म्हणते का त्याले कॅमेऱ्यात दिसली. खरं कोनतं, ते येऊन सांगा, बाई."

लेक दारातच उभा होता. नंदकिशोर, पुण्यात नोकरीला. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून काल आलेला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"आईला उगाच घोळ घालायची सवय आहे," तो म्हणाला. "आलाच आहात तर बघा."

पुढच्या खोलीत भिंतीशी देव्हारा होता आणि त्याच्या बराच वर कॅमेरा. चपट्या बैठकीवर बसवलेला पांढरा चेंडू. तोंड दाराकडे. कपाट उजव्या भिंतीला.

"मोबाइलवरून हा डावी-उजवीकडे, वर-खाली फिरवता येतो," नंदकिशोरने सांगितलं. "आई एकटी असते. मी रोज बघतो. सोमवारी दुपारी ऑफिसातून उघडला, उजवीकडे फिरवला, तर आसमा कपाट उघडून उभी. आईला सांगितलं, एकदाणी बघ. गळ्यातली सोन्याची माळ, आजीच्या वेळची. नव्हती."

"चित्र जपलंत?"

"यात कार्ड नाही. फक्त त्या वेळचं दिसतं. काल आलो, तर कॅमेरा फिरेना. स्टुलावर चढून बघतो तर मानेत माती कोंबलेली! मला दिसू नये म्हणून तिनेच कोंबली. सुरीनं काढली, ठेवलीय पुरावा म्हणून."

प्लास्टिकच्या पिशवीतला मातीचा गोळा त्याने पुढे केला. बाईंनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ न्याहाळला. शंकररावांनीही डोकावून पाहिलं. वाळलेला, अखंड गोळा. एका अंगाला चेंडूची गोलाई उमटलेली, दुसऱ्या अंगाला बैठकीचा सपाटपणा. बाहेरून पेन्सिल जाईल एवढं वाटोळं भोक आणि आत कांद्याच्या सालीसारखं पातळ काहीतरी.

"माती काढल्यावर फिरला?"

"नाही. आतली चक्रं बिघडली असणार."

बाईंनी कॅमेऱ्याची वायर काढून पुन्हा लावली. दिवा लागला, नंदकिशोरच्या मोबाइलवर दाराचं चित्र आलं. "चालू झाल्यावर यानं एकदा स्वतःहून मान फिरवून बघायला हवी," त्या म्हणाल्या. कॅमेरा ढिम्म हलला नाही. त्यांनी वाकून चार्जरवरची बारीक अक्षरं वाचली, त्याची वायर बोटांत फिरवली आणि त्या सरळ झाल्या.

"चहा मिळाला तर बरं होईल," शंकरराव स्वतःशीच पुटपुटले.

"ठेवला हाये, बापा!" स्वयंपाकघरातून मनकर्णाबाईंचा आवाज आला.

चहा घेऊन त्या बाहेर आल्या. लुगड्याचा पदर सावरत खाली बसल्या.

"एकदाणी शेवटची कधी घातलीत?" मंजुश्रीबाईंनी विचारलं.

"मी कायची घालतो आता! महालक्ष्म्यांले घातली होती. मंग सनाले आलेल्या नंदूनंच कपाटात ठेवली. माहे हात थरथरतात."

"हा कॅमेरा खुपतो का तुम्हाला?"

"काऊन खुपीन? तो फिरला का गुरगुर करे. मी म्हनो, नंदू पाहून राह्यला. मंग पदर नीट करो." त्या हसल्या. "आता लय दिवस झाले, आयकू नाही येत. कान गेले माहे."

नंदकिशोर खिडकीबाहेर बघत होता.

शेजारची सारिका बोलावल्यावर लगेच आली. दुसरी किल्ली तिच्याकडे असे, म्हणून शंकररावांनी तिच्याकडे जरा रोखूनच पाहिलं.

"असे पाहू नका काका, दही ठेवाले येतो मी, बस," ती फणकारली. "कॅमेऱ्याचं म्हनाल तर पोळ्याच्या दिवशी वीज कडाडली आन् त्याचा चार्जर जळला. आमच्या साध्या फोनचा जुना चार्जर पडून होता, तो देल्ला आसमाजोळ. दिवा लागला. आता त्यात बी चोरी हाये काय माही?"

आसमा सर्वांत शेवटी आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. विशीतली, ओढणी घट्ट आवळलेली. रडून झालेलं होतं. आता चेहऱ्यावर नुसता थकवा होता.

"कपाटाले मी हात लावते," ती म्हणाली. "आजीचे लुगडे मीच ठेवते. मंग दिसीनच ना कपाटापाशी! पन सोन्याले हात नाही लावला. आन् माती मी काऊन लावू?"

"वर कधी झाडत नाहीस?"

"जाळे काढते सगळ्या घरातले. पन देवाच्या वरून झाडू नाही नेत. आजीले चालत नाही, आन् मलेही बरं नाही वाटत."

"नाहीच चालत," मनकर्णाबाई म्हणाल्या. "देवावर कचरा पडते."

ओट्यावर येताच शंकररावांनी आपला निष्कर्ष सांगितला. "मॅडम, मुलगी गरीब दिसते, पण कपाट तिच्या हाताखालचं, आणि कॅमेऱ्याचं फिरणंही बरोबर त्याच वेळी बंद. मला तर ती सारिकाही..."

"तुमच्या मोबाइलचा चार्जर आणलाय?"

"पिशवीत आहे. नवा आहे, पोरीनं घेऊन दिलेला."

"द्या. आणि सगळ्यांना आत बोलवा."

बाईंनी कॅमेऱ्याची वायर सारिकाच्या चार्जरमधून काढली आणि शंकररावांच्या चार्जरला जोडली. क्षणभर काहीच झालं नाही. मग चेंडू हलला. गुरगुरत डावीकडे गेला, उजवीकडे गेला, वर-खाली झाला आणि पुन्हा दाराकडे येऊन थांबला.

"अवो!" मनकर्णाबाई मान वर करून बघत राहिल्या. "आयकू आलं की मले!"

"तुमचे कान चांगले आहेत," मंजुश्रीबाई म्हणाल्या. "शंकरराव पुटपुटले तेही तुम्ही आतून ऐकलंत. इतके दिवस आवाजच झाला नव्हता. चित्र दाखवायला वीज थोडी लागते, मोटर फिरवायला जास्त. साध्या फोनचा जुना चार्जर चित्रापुरती देत होता. चक्रं शाबूत आहेत. म्हणजे पोळ्यापासून हा कॅमेरा फिरलेलाच नाही."

"हे सारिका म्हणते," नंदकिशोर म्हणाला. "चार्जर परवाही बदलला असेल. दोघी मिळालेल्या आहेत."

"हे घ्या!" सारिका उसळली. "आता मले बी ओढा!"

"त्यांच्या शब्दावर मी विसंबले नसते," बाईंनी पिशवी उचलली. "तुम्हीच जपलेल्या पुराव्यावर विसंबले. शंकरराव, ही माती कोणी लावली?"

शंकररावांनी पुन्हा भोकात पाहिलं. गावाकडच्या घराच्या तुळया आठवल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "कुंभारमाशी!"

"ओल्या मातीच्या गोळ्या आणून ती घर बांधते, आत अळ्या कोंडून अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. पिल्लू वाढतं, कोश करतं, मग भोक पाडून उडून जातं. आत कोशाचं टरफल आहे. एवढं व्हायला तीन आठवडे तरी लागतात. घर अर्धं चेंडूवर होतं, अर्धं बैठकीवर. सोमवारी मान एकदा जरी वळली असती, तरी त्याचे दोन तुकडे झाले असते. ते अखंड आहे. देवावर झाडू नेत नाहीत, म्हणून कोणाला दिसलं नाही, एवढंच."

बाई नंदकिशोरकडे वळल्या.

"सोमवारी तुम्ही कॅमेरा फिरवला नाहीत, नंदकिशोर. फिरवायचा प्रयत्न केला असता, तर तो वळत नाही हे तेव्हाच कळलं असतं. पोळ्यापासून कधीही कळलं असतं. तुम्ही तो महिनाभर उघडलेलाच नाही. मग जे पाहिलंच नाही ते सांगायची गरज कोणाला पडते? एकदाणी शेवटची ठेवली तुम्ही. कपाटात ठेवल्याचं कोणी पाहिलं?"

नंदकिशोर खाली बसला, भिंतीला पाठ लावून. त्याने चेहरा हातांत झाकून घेतला.

"पुण्याला आहे," तो म्हणाला. "कपाटात. विकायची नव्हती."

"मंग काऊन नेली रे?" मनकर्णाबाईंचा आवाज अगदी हळू होता.

"तू पुण्याला येत नव्हतीस ना! म्हणायचीस, आसमा आहे, मला काय कमी. म्हटलं, तिच्यावरचा विश्वास उडाला तर येशील." तो थांबला. "थकलो गं. आधी रात्री चार-चारदा कॅमेरा उघडायचो. उघडला आणि तू जमिनीवर पडलेली दिसलीस तर? इतक्या लांबून मी काय करणार होतो? मग उघडायचंच सोडलं."

मनकर्णाबाईंनी हात पुढे केला, पण तो त्याच्यापर्यंत पोचला नाही. मध्येच परत घेतला.

"माह्यासाठी थकला, ते समजलो," त्या म्हणाल्या. "पन ते पोरगी दोन दिवस झाले जेवली नाही. माह्यासंगं नंतर बोल. मी पुण्याले येतो का नाही, तेही नंतर."

आसमा अजून उंबऱ्याबाहेर होती. "आत ये, माय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"येते, आजी. आधी त्याहिले अब्बाच्या दुकानावर जाऊन हे सांगू द्या."

नंदकिशोर उठला. मंजुश्रीबाईंनी शंकररावांकडे पाहिलं. शंकररावांनी काठी घेतली आणि ते त्याच्याबरोबर निघाले.

आसमाचे वडील बिलाल टेलर चौकात मशीनवर बसले होते. समोरच्या हॉटेलच्या बाकावर पाच-सहा माणसं चहा पीत होती. बिलालभाईंनी पायडल थांबवलं, पण बसा म्हटलं नाही. नंदकिशोर काउंटरवर वाकून हलक्या आवाजात बोलला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

बिलालभाईंनी ऐकून घेतलं. सुईखालचं कापड सरळ केलं.

"काल तुम्ही माह्या पोरीले चोर म्हनलं, ते साऱ्या चौकानं आयकलं, भाऊ," ते म्हणाले. "आज मी एकट्यानंच आयकू काय?"

नंदकिशोर बाकाकडे वळला. बाकावरच्या माणसांनी कप खाली ठेवले. त्याचा आवाज पहिल्या शब्दालाच फुटला. त्याने घसा साफ केला आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

शेजारी रिकामी खुर्ची होती. शंकररावांचा गुडघा ठणकत होता, पण त्याचं बोलून होईपर्यंत ते उभेच राहिले.